मदत हवी आहे: पेनड्राइव्हमध्ये फक्त एक शॉर्टकट दिसतोय, फॉरमॅट न करता फायली वाचतील का?

नमस्कार मंडळी,

घरच्या डेस्कटॉपला व्हायरस लागलाय आणि दुरुस्तीवाले थेट फॉरमॅट मारायला सांगताहेत. त्याआधी इथल्या जाणकारांना विचारावं म्हणून हा धागा. जरा सविस्तर लिहिते, कारण यात नेमकं काय अडकलंय ते कळल्याशिवाय सल्ला देणं अवघड जाईल.

आम्ही नाशिकला, इंदिरानगरला राहतो. काकांची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे आणि माल निर्यातीला जातो. निर्यातीची बाग म्हटली की ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर, नोंदणी आली आणि फवारणीचा पक्का हिशेब आला: कुठलं औषध, एकरी किती, कोणत्या तारखेला, काढणीला किती दिवस राहिले असताना. काका वहीत लिहितात, मी ते एक्सेलमध्ये चढवते. ऑक्टोबर छाटणीपासूनच्या नोंदी त्या पेनड्राइव्हवर आणि याच कॉम्प्युटरवर आहेत. शिवाय आईच्या बचत गटाचा हिशेब. हप्त्यांची वही आहे, पण कर्जावरच्या व्याजाचं सगळं गणित फाइलमध्येच आहे. बायकांनी पै-पै करून साठवलेले पैसे आहेत, त्यात घोळ झालेला चालणार नाही.

आता झालं काय ते. कॉलेज रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दिला होता. घरी आणून लावला तर आत एकही फोल्डर नाही, फक्त पेनड्राइव्हच्याच नावाचा एक आयकॉन आणि त्याच्या कोपऱ्यात छोटासा बाण. भावाने त्यावर डबल क्लिक केलं तर सगळे फोल्डर नेहमीसारखे उघडले, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. पुढे दुसरा, कोरा पेनड्राइव्ह लावला आणि त्यातही तोच बाणवाला आयकॉन उगवला तेव्हा लक्षात आलं.

त्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या. साइज २ केबी. टार्गेटच्या रकान्यात सीएमडी डॉट ईएक्सई, पुढे लांबलचक काहीतरी आणि शेवटी व्हीबीएस. पण ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ११ जीबी वापरलेली दाखवतंय. म्हणजे फायली आत आहेत, असं मी धरून चालू का?

मशीन जुनं आहे: सहाव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, विंडोज १०. अँटीव्हायरस मशीनबरोबर मिळाला होता, त्याची मुदत केव्हाच संपली. आणि आता उजव्या कोपऱ्यात सारखी खिडकी येते, ‘तुमच्या पीसीत ५ व्हायरस आहेत, लगेच रिन्यू करा’. हा त्याच व्हायरसचा भाग आहे की वेगळं काही? नवीन मशीन घेणं आत्ता जमणार नाही, त्यामुळे याच मशीनवर पुढे कसं निभवायचं तेही सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी धीर धरा. ११ जीबी दिसतेय म्हणजे फायली जागेवर आहेत, फक्त लपवल्यात. हा शॉर्टकटवाला व्हायरस सगळा माल एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ढकलतो आणि दारात स्वतःचा शॉर्टकट ठेवतो. क्लिक केलं की आधी त्याची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालते, मग तुमचे फोल्डर उघडतात. म्हणूनच भावाला काही वावगं वाटलं नाही.

क्रम मात्र चुकवू नका. आधी कॉम्प्युटर, मग पेनड्राइव्ह. उलट केलंत तर साफ केलेला ड्राइव्ह लावल्या लावल्या परत बाधित होईल.

दोन्ही पेनड्राइव्ह काढून ठेवा. मुदत संपलेला अँटीव्हायरस अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, कामाला लागेल. तो अपडेट करा. मग विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये डिफेंडर ऑफलाइन स्कॅन आहे, तो चालवा. मशीन बंद होऊन परत सुरू होईल आणि विंडोज उठायच्या आत तपासणी होईल, साधारण १५ मिनिटं. याचा फायदा असा की व्हायरस त्या वेळी चालू नसतो, त्यामुळे त्याला लपता येत नाही. त्यानंतर एकदा फुल स्कॅन करा, त्याला वेळ लागतो, रात्री लावून ठेवा.

मग पेनड्राइव्ह लावा, शॉर्टकटला हात लावू नका, आधी ड्राइव्ह स्कॅन करा. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फायली दाखवा हे निवडा आणि सिस्टिम फायली लपवण्याची खूण काढा. फिकट रंगाचा, बहुतेक बिननावाचा फोल्डर दिसेल. तुमच्या एक्सेलच्या फायली तेवढ्या कॉपी करून घ्या. नावाच्या शेवटी व्हीबीएस, जेएस, ईएक्सई असलेलं काही दिसलं तर ते घेऊ नका, त्या चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या फायली असतात. मग पेनड्राइव्ह खुशाल फॉरमॅट करा. फॉरमॅट करायचाच तर तो, अख्खा कॉम्प्युटर नव्हे.

प्रतिसाद

कोपऱ्यातल्या खिडकीबद्दल: ती बहुतेक ब्राउझरची नोटिफिकेशन आहे. कुठल्यातरी साइटवर ‘अलाऊ’ दाबलं गेलं असेल. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा आणि अनोळखी नावं सगळी काढा. त्या खिडकीतून एक रुपयाही भरू नका. कुणी भरला असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं कठीण.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. पण घरगुती ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्सची सोय आहे. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो का बघा.

आणि प्रिंटसाठी पेनड्राइव्ह नेऊच नका. पीडीएफ करून दुकानाला मेल करा. हिशेबाची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि ती कॉपी करण्यापुरतीच जोडा. खंडणी मागणारा व्हायरस आला तर जोडून ठेवलेली डिस्कही तो कुलूपबंद करतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ऑफलाइन स्कॅनमध्ये एक स्क्रिप्ट सापडली, ती काढली. बिननावाचा फोल्डर तस्साच दिसला, फवारणीच्या नोंदी आणि गटाचा हिशेब दोन्ही उघडले. आईने वहीशी ताळा करून बघितला, बरोबर आहे. क्रोममधली नावंही काढली, खिडकी बंद झाली.

आता एक उरलं. हाच पेनड्राइव्ह मध्यंतरी काकांच्या मुलाने दिंडोरीला त्याच्या लॅपटॉपला लावला होता. तिथे इंटरनेट फक्त मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं. डिफेंडरचे अपडेट इथे उतरवून त्याला नेऊन देता येतात का?

प्रतिसाद

येतात. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर डिफेंडरच्या डेफिनिशन्सची, म्हणजे व्हायरस ओळखायच्या ताज्या माहितीची, फाइल वेगळी मिळते. विंडोज ३२ बिट आहे की ६४, ते आधी त्याला विचारा. न्यायला नवा पेनड्राइव्ह घ्या, आणि तो परत आणल्यावर घरच्या मशीनला लावायच्या आधी रिकामा करायला विसरू नका. मोबाइलला ओटीजी, म्हणजे पेनड्राइव्ह जोडायची सोय, असेल तर तिथे रिकामा करा, ही स्क्रिप्ट अँड्रॉइडवर चालत नाही.