मदत हवी आहे: आईच्या रियाजासाठी आवाज न करणारं मेट्रोनोम

आई ६९ वर्षांची. निवृत्तीनंतर गाणं शिकायला लागली, सध्या विलंबित एकताल (संथ लयीतला बारा मात्रांचा, म्हणजे बारा मोजांचा ताल) चालू आहे. गेल्या वर्षी दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आली आणि तिथेच घोडं अडलं. तबल्याचं अ‍ॅप लावलं की दर ठोक्याला यंत्र आवाज आवळतं आणि त्याबरोबर तानपुराही दबतो. तिच्या भाषेत, "धा पडला की सा पळतो." बोलणं ऐकताना ही सोय, गाताना ताप.

म्हणून कानाला फक्त तानपुरा द्यायचा आणि लय दुसरीकडून, असं ठरवलं. लुकलुकणारं अ‍ॅप बाद झालं, कारण ती डोळे मिटून गाते. (उघडे ठेवले तरी उजेड दिसल्यावर टाळी पडते, म्हणजे उशीरच.) मोबाइल कंपनावर ठेवून कमरेला खोचला, पण त्याची थरथर हळूहळू चढते, मात्रेचा नेमका क्षण सापडत नाही. मग मनगटावर बांधायचं कंपनाचं मेट्रोनोम मागून आणलं. ठोका स्वच्छ लागतो, पण आलापात हात फिरला की कळेनासा होतो. ते कुठे बांधावं?

दुसरी अडचण मोठी. तिची मात्रा ४ सेकंदांची, म्हणजे मिनिटाला १५. यंत्र इतकं सावकाश चालत नाही, म्हणून ६० वर लावून चार ठोक्यांची एक मात्रा धरतो. बारा मात्रांच्या एका आवर्तनाला (तालाच्या फेरीला) ४८ ठोके, सगळे सारखे! सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कुठली, ते ती मला विचारते आणि मीही चुकलो की चिडते.

प्रतिसाद १: घोट्याच्या वर, आतल्या बाजूला घट्ट बांधा. गाताना पाय हलत नाही.

प्रतिसाद २: चारातला पहिला ठोका जोरकस करता येतो का बघा, तीच मात्रा. समेसाठी यंत्र कशाला? जपासारखा अंगठा पेरांवर फिरवायचा. चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं, बरोबर बारा. करंगळीपासून सुरुवात केली तर मधल्या बोटाचं पहिलं पेर म्हणजे सातवी मात्रा, तिथे 'खाली' (टाळी न देण्याची जागा) येते.

धागाकर्ता: घोटा जमला. पेरांचं सांगितल्यावर आई म्हणाली, "हे मला आधी का नाही सुचलं?" आता फक्त मुखड्याला (समेवर आणणाऱ्या ओळीला) अंगठा थांबतो. त्यावर कुणाकडे उपाय?