मदत हवी आहे: पिनबॉलचं प्लेफील्ड उभं करताना अडकतंय

घरच्या पिनबॉल मशीनचा डावा फ्लिपर (बॉल टोलवणारी पट्टी) ढिला पडलाय. कॉइल स्लीव्ह (फ्लिपर हलवणाऱ्या कॉइलच्या आतली नळी) घासली असावी, असा अंदाज. ती बदलायची तर प्लेफील्ड (बॉल ज्यावर फिरतो तो फळा) उचलणं आलंच. मशीन बंद करून प्लग काढला, लॉकडाउन बार (काच धरून ठेवणारी पुढची पट्टी) सोडवला, काच सरकवून बाहेर घेतली. बॉलही काढून ठेवले (मागच्या वेळी विसरलो, तर ८० ग्रॅमचा गोळा थेट कॅबिनेटमध्ये!). टेकूच्या दांड्यावर प्लेफील्ड नीट राहतं, पण पुढे ओढून मागे बॅकबॉक्सला (मशीनच्या मागच्या उभ्या पेटीला) टेकवायला गेलं की अर्ध्यात अडकतं. वायरींचा एक जुडगा ताणलेला दिसतो. जोर लावायची हिंमत नाही. आधी कुठला कनेक्टर सोडवायचा? की स्लीव्ह दांड्यावर ठेवूनच बदलता येईल?