प्रमाणपत्रानंतर काय?
नेबॉश या ब्रिटिश परीक्षा मंडळाचं, कामाच्या जागेवरच्या सुरक्षिततेचं इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट झालं की सेफ्टी ऑफिसरची नोकरी लागते का? त्याने अर्ज पुढे सरकतो, एवढंच. काम कळतं ते कामगारांच्या शेजारी उभं राहून.

सुरुवातीला वर्क परमिट, म्हणजे धोक्याचं काम सुरू करण्याआधीची लेखी परवानगी, नीट शिका. 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह देखभालीसाठी काढला होता. ते रात्रपाळीला कळलंच नाही, पंप चालू झाला, स्फोट झाला आणि 167 माणसं गेली. म्हणून पाळी बदलताना तिथे हजर राहा. काय सांगितलं जातं आणि काय सांगायचं राहून जातं, ते ऐका. टाकीत माणूस उतरण्याआधी गॅस खरंच मोजला, की नुसती टिक केली? मीटर टाकीच्या तोंडाशी धरून भागत नाही. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्हीकडे मोजायचं. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड, तो खाली साचतो.

हेल्मेट-हातमोजे हा शेवटचा उपाय. धोका मुळातूनच काढता येईल का, हे आधी विचारायची सवय लावून घ्या. मुलाखतीतही हीच सवय दिसते.

पुढे आयएसओ 45001 या, कामाच्या जागेवरच्या सुरक्षितता-आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं ऑडिटर प्रशिक्षण करता येतं. पण मला मनापासून वाटतं, कुणीतरी औद्योगिक आरोग्याकडेही, म्हणजे कामामुळे होणारे आजार रोखण्याकडेही, वळावं. सिलिकाची धूळ फुप्फुसं निकामी करते ती बहुतेकदा वर्षानुवर्षांनी, त्यामुळे अपघाताच्या नोंदवहीत ती कधी दिसतच नाही.