स्वित्झर्लंडमधल्या म्युरेनला एकटीने आठवडाभर राहायचं आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, वय 56. बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. सप्टेंबरमध्ये एकटीने स्वित्झर्लंडला जायचं मनात आहे, टूरबरोबर नाही. पहाटे सहाला बॅगा खोलीबाहेर आणि आठला बस, हे मला नको. लाउटरब्रुनेनच्या वर म्युरेन म्हणून गाव आहे, तिथे एकाच खोलीत आठवडाभर मुक्काम, थोडं चालणं, थोडं वाचन आणि समोर आयगर, मोंख, युंगफ्राऊ ही तीन शिखरं. बस्स.

घरचे म्हणतात, एवढा पैसा घालून एकाच खेड्यात काय बसायचं? मुलगा म्हणतो, निदान खाली इंटरलाकेनला राहा, पर्यटकांचं मोठं गाव आहे, आपली माणसं भेटतील.

गावात मोटारी नाहीत म्हणे, मग सामानाचं काय? उंचीचा त्रास होतो का? गुडघा चढाला साथ देतो, उताराला कुरकुरतो. शाकाहारी आहे, अंडं चालतं. आणि खरी धास्ती संध्याकाळची आहे. दिवस जाईल हो, पण रात्री भरलेल्या जेवणघरात एकटीने ताट समोर घेऊन बसायचं, या विचाराने पाय अडखळतो. कुणी असं राहिलं असेल तर सांगा.

चालत_राहू

ताई, जा. आणि म्युरेनलाच राहा. मी पुण्याची, तुमच्याहून थोडी मोठी, आणि त्याच गावात एकटी राहून आले आहे.

घरच्यांना ढगांचं कारण सांगा. आल्प्समध्ये डोंगर दिसतीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मी पोहोचले तेव्हा समोर नुसती राखाडी भिंत होती. एक मोठा गट वर आला, तासभर थांबला आणि भिंतीचे फोटो काढून खाली गेला. त्यांना संध्याकाळी दुसऱ्या गावी पोहोचायचं होतं. मला कुठेच जायचं नव्हतं. खोलीखाली जळणाचे ओंडके रचलेले होते, भिंतीला टेकून, छपराच्या वळचणीपर्यंत, आणि प्रत्येकाचं कापलेलं तोंड एका रेषेत. ते बघत चहा पीत होते. तिसऱ्या प्रहरी ढग मध्येच फाटला आणि हिमनदीचा निळसर तुकडा दिसला, मी जिथे नजर लावली होती त्याच्या कितीतरी वर! शिखर शोधायला मान इतकी वर करावी लागते हे फोटोंत कळतच नाही. एका जागी राहणाऱ्यालाच हे मिळतं.

उंचीची काळजी नको. म्युरेन 1638 मीटरवर आहे, आपलं कळसूबाई 1646. गावाच्या वरच्या शिल्टहॉर्न शिखरावर (2970 मीटर) रोपवेने गेलात तर वर सावकाश चाला, एवढंच.

सामानाचं सोपं आहे. लाउटरब्रुनेन स्टेशनसमोरून रोपवेने ग्रूचाल्पला, तिथे समोरच छोटी आगगाडी उभी असते, ती थेट म्युरेनला सोडते. हा मार्ग 1891 पासून चालू आहे, फक्त खालच्या टप्प्यावर पूर्वी दोरावर ओढली जाणारी गाडी होती. स्टेशनवरून हॉटेलपर्यंत बॅग ओढत न्यायची. गल्ल्या चढउताराच्या आहेत, म्हणून चाकं धड असलेली एकच मध्यम बॅग घ्या. काही हॉटेलं सामान न्यायला माणूस पाठवतात, आधी विचारून ठेवा.

गुडघ्यासाठी माझा नियम: चढ पायी, उतार यंत्राने. सकाळी छोट्या गाडीने ग्रूचाल्पला जायचं आणि म्युरेनला चालत परत यायचं. दीडेक तास लागतो, चढ जेमतेम दीडशे मीटरचा, डाव्या हाताला दरी आणि तिन्ही शिखरं पूर्ण वाटभर. मध्ये विंटरएगला खायला-बसायला जागा आहे. दुसरं म्हणजे आल्मेंडहूबल. 1912 पासूनची दोराची गाडी वर नेते, वर सोप्या फेऱ्या आहेत. पिवळ्या पाट्यांवर वेळ लिहिलेली असते, ती न थांबता चालणाऱ्याची. आपण दीडपट धरावी. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणांच्या वाटा डोंगरी असतात, तिथे काठी हवीच. पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या वाटांवर एकटीने मुळीच जाऊ नका.

आता संध्याकाळ. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न हाच आहे. नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून खोली घ्या. अशा ठिकाणी बहुधा मुक्कामभर तुमचं टेबल ठरलेलं असतं, वाढणारी माणसंही तीच. पहिल्या रात्री मी पुस्तक घेऊन बसले आणि एक ओळ वाचली नाही. पुढे वाढणारी मुलगी पाण्याचा जग आपणहून ठेवायला लागली, शेजारच्या टेबलावरच्या आजी आज कुठवर चाललात ते खुणांनी विचारायला लागल्या, आणि मी पुस्तक खोलीतच ठेवायला लागले. इंटरलाकेनला हे होणार नाही. तिथे रोज नवी गर्दी. लहान गावात बाई एकटी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्याचाच आधार वाटतो.

जेवण लवकर उरका. सकाळी सूर्य शिखरांमागून उगवतो, त्यामुळे तेव्हा ती काळपट दिसतात. मावळतीचं ऊन मात्र थेट बर्फावर येतं, आणि तोवर दिवसाची गर्दी खाली गेलेली असते.

बर्नकर

वरच्या प्रतिसादाशी सहमत. इथे राहतो म्हणून थोडी भर घालतो.

इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी त्स्वायल्यूचिनेनला दुभागते, अर्धी ग्रिंडेलवाल्डला जाते. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. एकाच गावात राहणार असाल तर प्रवासाच्या महागड्या पासापेक्षा महिनाभराचं हाफ फेअर कार्ड (त्यावर तिकिटं अर्ध्या दरात मिळतात) बहुतेक वेळा परवडतं.

रोश्टी (किसलेल्या बटाट्याचा परतलेला पदार्थ) मागवताना "ओने श्पेक", म्हणजे बेकनशिवाय, म्हणा, नाहीतर डुकराचं मांस येऊ शकतं. इथलं पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या पाचक रसाने विरजतात. तुम्हाला ते चालत नसेल तर दुकानात पाकिटावर शाकाहारी असल्याची खूण बघून घ्या. भारतातून तूप, पेढे, दुधाचं काहीही आणू नका, बंदी आहे. मेतकूट आणि भाजणी खुशाल आणा.

व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतोच. त्यात डोंगरातून हेलिकॉप्टरने सोडवण्याचा खर्च धरला आहे का, ते नीट वाचा. रेगा या इथल्या हेलिकॉप्टर बचाव सेवेचा नंबर 1414 फोनमध्ये साठवा.

गोदातीर

मला नाही पटत. सात दिवस पाऊसच लागला तर? निदान तीन दिवस लुत्सर्नला ठेवा, मोठं शहर आहे, संग्रहालयं आहेत.

चालत_राहू

पाऊस लागला तर खाली ट्रुमेलबाखला जा. आयगर, मोंख आणि युंगफ्राऊच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून दहा धबधब्यांनी कोसळतं, सेकंदाला 20,000 लिटरपर्यंत. वाट कातळातूनच आहे, आत लिफ्ट आहे. तरीही तुषारांनी भिजता, रेनकोट हवाच. पायऱ्या ओल्या असतात, म्हणून ताई, लिफ्टने वर आणि लिफ्टनेच खाली. लुत्सर्न सुंदर आहे, पण ताईंना शहर नकोच आहे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला धागा वाचायला दिला. त्याने काही न बोलता विम्याची कागदपत्रं काढली. जेवणासकट खोली बघते आहे. दरीकडची खोली बरीच महाग दिसते. घ्यावी का?

चालत_राहू

घ्या. बाकी कुठेही काटकसर करा, दुपारी ब्रेड-टोमॅटोवर भागवा, पण खिडकी दरीकडचीच हवी. आरक्षणाच्या पत्रात "युंगफ्राऊच्या बाजूची" असं लिहून मागा आणि उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका.