बीपी: मीठ, टेन्शन आणि पांढऱ्या पेशींच्या पुड्या

गोदाकाठी
कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर बीपीचा विषय निघाला की दोनच आरोपी धरले जातात, मीठ आणि टेन्शन. माझं म्हणणं, तिसरा मोकळा फिरतोय: आपल्याच पांढऱ्या पेशी.

२००७ साली अमेरिकेत डेव्हिड हॅरिसन यांच्या गटाने टी आणि बी पेशीच (पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार) नसलेल्या उंदरांना रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-२ दिलं. साध्या उंदरांचं बीपी चढलं, यांचं तितकं चढेना. टी पेशी परत टोचल्या, मग चढलं. नुसत्या बी पेशी देऊन काही झालं नाही.

आता पुड्या. चिवड्याची पुडी बांधावी तशी पेशी आपल्याच पडद्यात प्रथिनं, आरएनए गुंडाळून बाहेर सोडते. शास्त्रीय नाव पेशीबाह्य पुटिका. त्यातल्या लहानग्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या, म्हणजे एक्सोसोम. मॅक्रोफेजची (जंतू गिळणारी पांढरी पेशी) अशी पुडी रक्तवाहिनीच्या अस्तराने गिळली की अस्तर चिकट होतं आणि आणखी पांढऱ्या पेशी तिथे येऊन बसतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. पांढऱ्या पेशी अशा जमून आत जी जळजळ होते, तीच सूज. म्हणजे बीपी हा सुजेचाही आजार झाला. पण ओपीडीत 'मीठ कमी करा' आणि पुढचा नंबर! हे पेशंटला सांगायला नको का?

झणझणीत_रस्सा
नको. सांगून पेशंट करणार काय?

माझे सासरे, सिडकोत राहतात. बीपी १४०च्या खाली आलं की गोळीचे ब्लेडने दोन तुकडे. अर्धी आज, अर्धी उद्या. का, तर 'आता नॉर्मल आहे'. त्यांना गोळीमुळेच नॉर्मल आहे हे पटवायला तीन वर्षं गेली (ब्लेड अजून खिडकीत आहे). त्यांच्यापुढे तुम्ही पुड्या सोडणार?

आणि धोका वेगळाच आहे. आपल्याच शहरात एका क्लिनिकचा फ्लेक्स पाहिला, 'एक्सोसोम थेरपी, हृदय तरुण'. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, डिसेंबर २०१९ मध्येच अशा उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला होता, इंजेक्शनं घेतलेल्या लोकांना गंभीर त्रास झाल्यावर. तुमच्यासारखे लेख त्या फ्लेक्सला खतपाणी घालतात, रागावू नका.

पिपेटवाली
लॅबमध्ये दिवस जातो म्हणून लिहिते. दोघांचंही थोडं चुकतंय, काठीदादांचं जास्त.

रक्तात तरंगणाऱ्या पुड्यांतल्या बऱ्याचशा प्लेटलेट आणि तांबड्या पेशींच्या असतात. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी त्यांना 'प्लेटलेटची धूळ' म्हटलं होतं. पांढऱ्या पेशींच्या पुड्या त्यात थोड्या, त्या वेगळ्या काढणं जिकिरीचं. वर चरबीचे कणही त्याच मापाचे. सकाळी तर्रीदार मिसळ चापून रक्त दिलंत तर सीरम दुधाळ येतं, मग मशीनने पुडी मोजली की तेल, सांगता येत नाही. म्हणून 'बीपीवाल्यांत पुड्या वाढल्या' हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारते, मोजल्या कशा?

दुसरं, पुड्या सगळ्या खलनायक नाहीत. टी पेशींच्या काही पुड्यांनी अस्तरातलं, रक्तवाहिनी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड घटवलं, नळी सैल पडेना. पण त्याच टी पेशी वेगळ्या तऱ्हेने चेतवल्या, तर निघालेल्या पुड्यांनी नायट्रिक ऑक्साइड वाढवलं. पेशी कुठल्या अवस्थेत होती, त्यावर पुडीतला माल ठरतो.

गोदाकाठी
ताई, मोजण्याचा मुद्दा मान्य. पण सूज खोटी कशी? २०१७ चा कॅन्टोस प्रयोग घ्या. हार्ट अटॅक येऊन गेलेले दहा हजारांवर पेशंट, औषध कॅनाकिनुमॅब. कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त सूज उतरवली, तर १५० मिलिग्रॅमच्या गटात अटॅक, स्ट्रोक, हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले.

पिपेटवाली
आणि त्याच प्रयोगात बीपी उतरलं का? नाही. तो हिशेब नंतर स्वतंत्रपणे मांडला गेला. जीवघेणे संसर्ग मात्र वाढले. धमनीत साचणाऱ्या चरबीच्या गाठीमागे सूज असते हे पक्कं, माणसाच्या बीपीबाबत अजून उंदरापुढे फार गेलेलो नाही. पुडी आग लावते की आगीचा धूर आहे, हाच तर वाद.

झणझणीत_रस्सा
बघा! आणि हो, मापताना दंडावरची बाही वर करा, पाच मिनिटं गप्प बसा. शर्टावरून पट्टा बांधून १६० आलं म्हणून घाबरलेले तीन जण माझ्याच गल्लीत आहेत.

द्राक्षबाग_दिंडोरी
दादा, या पुड्यांची टेस्ट लॅबमध्ये होते का? किती पैसे?

पिपेटवाली
बीपीसाठी नेहमीच्या तपासणीत अशी टेस्ट नाही. कोणी विकली तर घेऊ नका भाऊ.

गोदाकाठी
टेस्ट नाही, इंजेक्शन तर नाहीच, दोन्ही कबूल. पण 'पेशंटला कळून काय करायचंय' हे मला पटत नाही, रस्साभाऊ. सासऱ्यांना गोळी बीपीचा आकडा उतरवते एवढंच कळलंय, म्हणून आकडा उतरला की ते ब्लेड घेतात. नळी आतून रोज झिजते, हे एकदा चित्र काढून दाखवा की.

झणझणीत_रस्सा
दाखवतो. रविवारी. चित्र तुम्हीच काढून पाठवा.