वडिलांचा पखवाज दुरुस्त करून साठाव्या वर्षी शिकायला घ्यावा का?

धायरीकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वडील पेठेतल्या भजनी मंडळात अनेक वर्षे पखवाज वाजवत असत. ते गेल्यानंतर वाद्य माळ्यावरच राहिले आणि गेल्या महिन्यात जुने घर सोडून धायरीच्या सदनिकेत येताना ते पुन्हा हाती लागले. उजव्या पुडीची (चामड्याने मढवलेल्या तोंडाची) शाई, म्हणजे मधला काळा लेप, मधोमध फुटली आहे, डाव्या पुडीवर कणकेचा जुना थर दगडासारखा वाळला आहे आणि तिथले चामडे उंदरांनी कुरतडले आहे. पुड्या ताणून धरणारी चामड्याची वादी तर हात लावताच तुटते. लाकडी खोड मात्र जड आहे आणि बाहेरून धडधाकट दिसते.

लहानपणी मला भजनात टाळ मिळत असत, पण पखवाज हे मुलींचे वाद्य नाही, असे सांगून मला त्याला हात लावू दिला जात नसे. यंदा मी निवृत्त झाले आणि आमच्या सोसायटीतल्या महिला भजनी मंडळात वाजवणारे कोणीच नाही, म्हणून मनात आले की आता आपणच शिकावे. सकाळी बोटांचे सांधे थोडे आखडलेले असतात. हाच पखवाज दुरुस्त करावा की तबल्याची नवी जोडी घ्यावी? पखवाज मधोमध कापून तबला झाला, हे खरे आहे का? आणि पखवाजवादनाने रक्तदाब उतरतो, स्मरणशक्ती वाढते, असे संदेश फोनवर येत असतात, त्यांत तथ्य किती? सदनिकेत शेजाऱ्यांना त्रास होईल, हीसुद्धा काळजी आहे.

आळंदीचा वाटसरू

ताई, खोड शाबूत असेल तर वाद्य शाबूत आहे, बाकी सगळे बदलता येते. दोन्ही पुड्या उतरवल्यानंतर दुरुस्ती करणाऱ्याला खोडाच्या आतून उजेड पाडून पाहायला सांगा. तडा किंवा कीड नसेल तर नव्या पुड्या आणि नवी वादी लावून घ्या. खोड जड आहे म्हणता, तेव्हा ते शिसमाचे किंवा खैराचे असण्याचा संभव आहे, आणि तसे जुने, पूर्ण वाळलेले लाकूड आज विकत घ्यायचे तर सोपे नाही. हल्ली नटबोल्टाचे पखवाज मिळतात, ते लावायला सोपे असतात हे मान्य आहे, पण माझे मन वादीच्याच पखवाजाकडे ओढ घेते.

डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, वाजवण्यापूर्वी भिजवलेली कणीक थापतात. तिच्या वजनाने तो खोल, भरीव नाद येतो. वाजवून झाले की ती त्याच दिवशी पूर्ण काढून पुडी कोरड्या फडक्याने पुसायची. तुमच्या वाद्याची जी दशा झाली, तिचे कारण ती राहून गेलेली कणीकच आहे. ती वाळताना चामडे आवळते आणि उंदरांना आमंत्रण देते.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. दुकानात जाण्यापूर्वी तुमच्या मंडळातल्या बायका कोणत्या पट्टीत गातात, म्हणजे कोणत्या स्वराला ‘सा’ धरतात, ते पेटीवर पाहून घ्या. उजव्या तोंडाचा व्यास जितका लहान, तितका स्वर चढवता येतो. मोठ्या तोंडाची पुडी बळेच चढवली तर ती फाटते. बरेच जण वाद्य आधी घेतात आणि मग गाणाऱ्यांना त्याच्या पट्टीत ओढतात, ते मला पटत नाही. पखवाज गाणाऱ्यांसाठी असतो. षड्जात (सा) लागत नसेल तर मध्यमात (म) किंवा पंचमात (प) लावता येतो. फक्त भूपासारख्या, ज्यात मध्यम नाही अशा रागातला अभंग असेल, तेव्हा मध्यमात लावलेला पखवाज कानाला खटकतो.

तबला घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. पण तबल्यात बोटांचे काम बारीक आणि जलद असते, पखवाजात पूर्ण पंजाच्या थापेला मोठे स्थान आहे. भजनाचा आठ मात्रांचा ठेका सावकाश लयीत शिकायला तुमची बोटे आड येऊ नयेत.

पुष्करपर्ण

इतिहासाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पखवाज कापून तबला केल्याची गोष्ट इतकी गोड आहे की ती कोणी तपासतच नाही. ती बहुधा अमीर खुस्रो यांच्या नावावर सांगितली जाते. खुस्रो 1325 मध्ये निधन पावले आणि तबल्याचे आजचे रूप अठराव्या शतकात दिल्लीच्या परिसरात घडले, असे अभ्यासक सर्वसाधारणपणे मानतात. मधली चार शतके ती गोष्ट ओलांडू शकत नाही. ‘तबला’ हा शब्द अरबी ‘तब्ल’वरून आला, हे खरे. परंतु दोन वेगवेगळी चर्मवाद्ये शेजारी उभी ठेवून हातांनी वाजवण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. तिच्यासाठी आपल्याला दिल्लीला जायला नको, मळवली स्थानकावर उतरून भाजे लेणी चढली तरी पुरे. इसवी सनाच्या सुमारे दोनशे वर्षे आधीच्या त्या लेण्यांत एक स्त्री अशीच दोन वाद्ये वाजवताना कोरलेली आहे आणि तिच्या तालावर दुसरी नाचते आहे. काही जण तिला थेट तबलावादक म्हणतात, ते मला घाईचे वाटते, कारण तबल्याचा प्राण असलेली शाई दगडावरून सिद्ध होत नाही. पण पखवाज मुलींचे वाद्य नाही असे तुम्हाला ज्यांनी सांगितले, त्यांच्या आधी दोन हजार वर्षे पुणे जिल्ह्याच्या डोंगरात एका स्त्रीचे हात चर्मवाद्यावर आहेत, एवढे निश्चित.

भरताच्या नाट्यशास्त्रात चामड्याने मढवलेल्या वाद्यांना अवनद्ध म्हटले आहे. तिथे स्वाती मुनींची कथा येते: सरोवरावर पाणी आणायला गेले असता पाऊस आला, लहानमोठ्या कमळपत्रांवर पडणाऱ्या थेंबांचे वेगवेगळे नाद त्यांनी ऐकले आणि त्यांतून पुष्कर वाद्ये जन्मली. या वाद्यांच्या तोंडांना नदीकाठची माती लावून स्वर जुळवावा, असेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. आजची कणीक आणि शाई हे त्याच विचाराचे पुढचे टप्पे आहेत.

त्या शाईचे मर्म सी. व्ही. रामन यांनी उलगडले. साध्या ताणलेल्या चामड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी पूर्णांकी प्रमाणात नसतात, म्हणून ढोलाचा आवाज ‘धम्’ होतो, पण त्यातून नेमका स्वर ऐकू येत नाही. मध्यभागी जाड आणि कडेला पातळ अशी शाई चढवली की कंपनांची वाटणी बदलते आणि ते उपस्वर एकमेकांशी जुळतात. रामन यांनी हे 1920 मध्ये एका सहकाऱ्यासह ‘नेचर’मध्ये मांडले. शाई फुटलेल्या पुडीवर स्वर का लागत नाही, याचे उत्तर यातच आहे.

जाता जाता, पखवाजातल्या पानसे घराण्याचे नाना पानसे हे वाईजवळच्या बावधनचे (आपल्या पुण्यालगतच्या नव्हे). पुढे ते इंदूरला स्थिरावले. आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयातली वाद्ये पाहिली नसतील तर शिकायला लागण्यापूर्वी एकदा जरूर पाहा.

निवृत्त फिजिओथेरपिस्ट

तुमच्या संदेशांविषयी स्पष्ट लिहिते. पखवाज हे रक्तदाबाचे औषध नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणीही वाद्याच्या भरवशावर बंद करू नये. ठोक्याचा शरीरावर होणारा एक परिणाम मात्र चांगला अभ्यासला गेलेला आहे: पार्किन्सनच्या रुग्णांना नियमित ठोका ऐकवत चालवले, तर अनेकांच्या चालण्यात सुधारणा होते. मी स्वतः रुग्णांना टाळीच्या ठोक्यावर चालवले आहे. दोन्ही हातांनी वेगवेगळी कामे एकाच लयीत करणे, मात्रा मोजत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणे, आठवड्यातून एकदा चार माणसांत बसणे, हे सगळे साठीनंतर हितकारक आहे आणि त्यासाठी चमत्काराचा दावा करावा लागत नाही.

बसण्यापूर्वी पाच मिनिटे हात कोमट पाण्यात ठेवा. सुरुवातीला दहा-दहा मिनिटांचेच तुकडे करा आणि सराव संपल्यावर दोन तासांनीही बोटे ठणकत असतील, तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मा करा. मांडी घालून बसवत नसेल तर खुर्चीवर बसा आणि वाद्य समोर घडवंचीवर ठेवा. गुडघे दुखवून मिळालेली बैठक टिकत नाही.

धायरीकर

तुम्हा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. खोड आतून स्वच्छ निघाले, कुठेही तडा नाही, आणि ते खैराचे असल्याचे दुरुस्ती करणाऱ्यांनी सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न पट्टीचाच विचारला. आमचे मंडळ काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून, गाते आणि या तोंडाची पुडी तिथवर चढणार नाही, हे ऐकून क्षणभर वाईट वाटले. पण वडील हा पखवाज काळी एकमध्ये लावत, आणि काळी चारचा मध्यम म्हणजे नेमकी काळी एकच. म्हणून त्यांची पट्टी आहे तशीच ठेवली आहे. भूपातला अभंग असेल त्या दिवशी वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून एक स्वर चढवायचा, म्हणजे पंचम मिळेल.

खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारून सरावाची वेळ संध्याकाळी पाच ते साडेपाच ठरवली आहे. पखवाजाखाली जाड सतरंजी घालते. सध्या ‘ता’ आणि ‘दिं’ एवढेच चालू आहे.