लहान मुलं, हॅलोविन आणि कोळी: तुमचे अनुभव

सायलीची आई
काल माळा आवरताना जुन्या फायलीतून एक कागद खाली पडला. काळ्या रंगात उठवलेले दोन चिमुकले पंजे, तळव्यावर तळवा, बोटं दोन्हीकडे पसरलेली. कोळी! कोपऱ्यात माझ्या अक्षरात '३१ ऑक्टोबर, वय ४'. लेक आता माझ्या खांद्याला लागली, पण तिचा तो रंगाने गारठलेला, निसटणारा पंजा पुन्हा हातात आल्यासारखं झालं. मी अंगठा सोडून रंग लावत होते, तर म्हणाली, "त्याला नाही लावलास तर तो रुसेल." मग समजावलं, या हाताची चार, त्या हाताची चार, कोळ्याला पाय आठच. तिने तीनदा मोजले. शेवटी दोन्ही अंगठ्यांचे वेगळे ठिपके उठवून दिले, ती कोळ्याची बाळं. अजून आहेत कागदावर.
त्याआधी ही मुलगी कोळी दिसला की खोली सोडून जायची. नंतर ओरडणं राहिलं, पण पळणं थांबलं. तुम्ही काय काय केलंत? लिहा ना.

दोन पिल्लांचा बाबा
टेपचं जाळं!! दाराच्या चौकटीत मास्किंग टेप उभी-आडवी लावायची, चिकट बाजू मुलांकडे. रद्दीचे बोळे करून फेकायचे. चिकटला तो डास, पडला तो सुटला. मोठा पाचचा, धाकटा तीनचा, पाऊण तास एकच खेळ आणि भांडण नाही. फक्त टेप त्याच संध्याकाळी काढा. आम्ही रात्रभर ठेवली, सकाळी चौकटीचा रंग खपलीसारखा निघून आला.

मृण्मयी_क
अगं सायलीची आई, रडवलंस. ते ठिपके 😭
आमचं पिल्लू दोन वर्षांचं. धुण्याच्या टोपलीच्या भोकांतून लोकर आडवीतिडवी ओवली, तळाशी रबरी कोळी टाकले. हात घालून 'सोडवायचे'. प्रत्येकाला बाहेर काढून पापी घेत होता.

आठ पाय सहा पाय
शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही. कोळी कीटक नाही. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. शरीराचे भाग दोनच आणि सगळे पाय पुढच्या भागाला. बाजारातल्या बऱ्याच सजावटीत पाय मागच्या गोल पोटाला चिकटवलेले असतात. मातीचा कोळी करताना मुलांना एक लहान गोळा, एक मोठा गोळा करू द्या आणि पाय लहान गोळ्यातच खोचायला सांगा. डोळे बहुतेक कोळ्यांना आठ असतात, तेही लावू द्या, मुलं खूश होतात.
आणि टेपच्या जाळ्यावरून आठवलं. गोल जाळ्यात मधून बाहेर जाणारे धागे चिकट नसतात, गोल फिरणारे असतात. कोळी चिकट नसलेल्या धाग्यांवरून चालतो. हे सांगितलं की मुलं जमिनीवर दोऱ्याचं जाळं मांडून 'चिकट नाही त्यावरूनच' चालण्याचा खेळ आपणच काढतात.

दोन पिल्लांचा बाबा
@आठ पाय सहा पाय वा! उद्याच करतो. आठ डोळे मला माहीतच नव्हते.

निमिषा
माझा अनुभव जरा वेगळा. लेक साडेतीनची. समारंभात कोणीतरी गंमत म्हणून तिच्या खांद्यावर केसाळ खोटा कोळी ठेवला. सगळे हसले. ती रात्री तीनदा दचकून उठली. पुढे वर्षभर 'हॅलोविन' शब्द काढला की माझ्या मागे लपायची. घाबरणाऱ्या मुलाच्या अंगावर काही टाकू नका हो.

मृण्मयी_क
निमिषा, 🫂 फार वाईट वाटलं. आता कशी आहे?

निमिषा
आता बरी आहे गं. पुढच्या वर्षी पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणखडूने मी जाळं काढून ठेवलं आणि तिला फक्त निळा जलरंग फिरवायला दिला. मेणावर रंग बसत नाही ना, हळूहळू जाळं उमटलं. "आई, इथे आधीच होतं?" दहा मिनिटं बघत बसली. मग म्हणाली, कोळी काढूया, पण झोपलेला.

ओवी_आणि_मी
झोपलेला कोळी ❤️
ए, कोळी म्हटल्यावर माझा मुलगा विचारतो, "तो मासे पकडतो ना?" जाळं दोघांकडेही! त्याने मग जाळ्यात मासेच चिकटवले. मी काही बदललं नाही.

आबा
नातवासाठी पोशाख केला होता. काळ्या मोज्यांत रद्दी भरून चार पाय, त्याचे स्वतःचे चार, झाले आठ. मोजे एकाखाली एक शिवून दोऱ्याने मनगटाला बांधले की हात वर केला की सगळे पाय वर. दिवसभर हात वर करूनच फिरला. दोरा मात्र मानेजवळून नेऊ नये.

गौरी_ता
कार्पेटवरचा डिंक कशाने निघतो?? तातडीचं आहे

मृण्मयी_क
कोमट पाणी आणि साबण, ओला असतानाच. घासू नकोस, टिप.

पानगळ
दोन गोष्टी कळकळीने. बागेत ते ताणून पसरायचं पांढरं जाळं लावू नका, पक्षी अडकतात. आम्ही एक चिमणी कात्रीने सोडवली, लेक बाजूला हुंदके देत उभी. आता घरातच लावतो. आणि डोळे चमकणाऱ्या खेळण्यातल्या कोळ्याच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे ना ते बघा, बटणासारखी बॅटरी गिळली तर फार घातक.

सायलीची आई
पानगळ, बरं झालं लिहिलंत.
सायलीला तो कागद दाखवला. काही बोलली नाही, फक्त आपला पंजा त्याच्यावर ठेवून बघितला. आता म्हणते, यंदा धाकट्या मावसभावाचे हात ती रंगवणार.

गौरी_ता
निघाला डिंक!! धन्यवाद. थोडं मीठ राहिलंय. डिंकाने जाळं काढून वर मीठ पेरलं होतं, ड्रॉपरने रंगाचा थेंब टाकला की मिठावरून पळत जातो. कागदावर करायचं होतं, लेकाने कार्पेटवर केलं. पण रंग काय सुंदर पळाला